देणगीची पावती नको, बिल द्या

43,400 रुपये. त्यातले 18,400 बिलाचे आणि 25,000 ‘देणगी’चे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एका धर्मादाय हॉस्पिटलनं एकाच काउंटरवर, एकाच दिवशी, दोन पावत्यांवर घेतले. चौथ्या दिवशी डोळ्यात पू झाला आणि त्या डोळ्याची नजर गेली. जाब विचारला तर विश्वस्त म्हणतात, "आम्ही सेवा करतो, धंदा नाही. ट्रस्टवर केस होत नाही." धडधडीत खोटं. आणि ते आम्ही चौदा महिने खरं मानलं.

फसलो ते दुसऱ्या पावतीला. तिच्यासोबत एक छापील पत्र पुढे सरकवलं होतं: ‘ही रक्कम मी स्वेच्छेने कॉर्पस फंडासाठी देत आहे.’ ऑपरेशनच्या सकाळी कॉर्पस फंड, म्हणजे ट्रस्टचा कायमचा निधी, कुणाला आठवतो? पत्रावर पॅन नंबराची जागा होती, केसपेपर नंबराची नव्हती. तिथेच हात थांबायला हवा होता. पण आईच्या डोळ्यांत ड्रॉप घालून झालेले, पुढचा नंबर तिचाच. अशा वेळी पत्र वाचत तुम्हीही बसला नसता. वर 80जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सुटीचं, गाजर. रोखीनं 2,000 च्या वर दिलेल्या देणगीला ती सूट मिळतच नाही, आणि आम्ही सगळे रोखच मोजले होते.

या पत्रामागचा डाव साधा आहे. सगळ्याच रुग्णांवर फुकट उपचार करणारं हॉस्पिटल ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या व्ही. पी. शांता निकालात म्हटलंय. म्हणून पैसे देणगीत दाखवायचे. त्याच निकालातलं पुढचं मात्र कुणी सांगत नाही: काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर तिथे फुकट उपचार घेणाराही ग्राहकच. शेजारच्या खाटेवरच्याचं बिलसुद्धा तुमच्या कामाचं. झेरॉक्स मागून घ्या.

ट्रस्टची नोंदणी असते त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो, तर टेबलावरचे साहेब म्हणाले, आधी ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम 51 ची परवानगी आणा. पाच महिने खेटे. कधी साहेब रजेवर, कधी फाइल वरच्या मजल्यावर. शेवटी एका वकिलानं सांगितलं की ती परवानगी कलम 50 च्या दाव्याला, म्हणजे ट्रस्टच्या कारभाराबद्दल कोर्टात जायचं असेल तर. स्वतःच्या नुकसानीची भरपाई मागायला ती लागत नाही. हे त्या साहेबांना ठाऊक नसेल? पोलीस म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे. झालं.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. आमच्याकडे पाच महिने उरले होते. फी भरपाईच्या आकड्यावर नाही, तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरते. पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर फी शून्य, भरपाई पंधरा लाख मागितली तरी.

तक्रारीत नुसतं हॉस्पिटलचं नाव घालू नका. परिशिष्ट एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा, उतारा काढा, त्यात विश्वस्तांची नावं असतात, ती सगळी घाला. ‘डॉक्टर मानद आहेत, आमचे नोकर नाहीत’ हे ऐकून घेऊ नका. सविता गर्ग निकाल, 2004: डॉक्टरला पक्षकार केलं नाही म्हणून हॉस्पिटल सुटत नाही.

केसपेपर लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. 72 तासांत द्यायचा नियम आहे. लेन्सचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं आहे का बघा. त्या दिवशी आणखी कुणाचे डोळे बिघडले ते शोधा; एकाचा बिघडला तर ‘नशीब’ म्हणतात, तिघांचे बिघडले तर निर्जंतुकीकरणाचं रजिस्टर उघडावं लागतं.

गेल्या आठवड्यात ट्रस्टचा माणूस 10,000 रुपयांची ‘मदत’ घेऊन आला होता. सोबत पुन्हा छापील पत्र. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं: ‘माझी कोणतीही तक्रार नाही.’