पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान: तयार आणायचं की घरी बनवायचं?

आमच्या बेळगावातला एक पोरगा कधीपासून विचारायलाय, काय घेऊ.

खर्च बघितला तर तयार फोम ट्रेनर (नवशिक्यासाठीचं फोमचं विमान) एकदम खिसा कापतो, पण रिमोट, बॅटरी सगळं त्यातच. घरी बनवायचं तर फोमशीट स्वस्त, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो (शेपटी-पंखाच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर), रिमोट वेगळं घ्यायचं, आणि विमान आपटलं तर हेच सामान बहुतेक वेळा पुढच्या विमानात चालतं, हा मोठा फायदा.

मेहनत मात्र भरपूर, बॅलन्स (विमान समतोल राहतं ती जागा) पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांत नाही आला तर उडतानाच नाक वरखाली.

घाई असेल तर तयार घे, खटपटीची आवड असेल तर बनव. कुठलंही असूदे, भातकापणी झालेल्या मोकळ्या शिवारात, सांबरा विमानतळापासून लांब उडव.