बॅटल फॉर वेस्नॉथ : नऊ महिन्यांनंतर, मुख्यतः घोडेस्वारांबद्दल

जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात गोव्यातल्या आमच्या डिचोलीत वीज तीनदा गेली, तीनदा आली, आणि माझा गेमिंगचा लॅपटॉप कायमचा बसला. सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी बॅटरी सांगितली, मग चार्जिंगचा भाग, मग पंधरा दिवसांनी मदरबोर्ड. खर्च साडेअठरा हजार. वर 'तपासणी शुल्क' वेगळं, तेही लॅपटॉप न उघडता! मी भांडून लॅपटॉप परत आणला आणि माळ्यावरचा अकरा वर्षांचा जुना काढला. त्यावर काय चालेल हे शोधताना वेस्नॉथ सापडला. २००३ पासून चालू असलेला, पूर्ण फुकट, मुक्तस्रोत गेम. जाहिरात नाही, आत काही विकत घ्यायला लावत नाही. ज्याने कधी षटकोनी घरांचा, पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा गेम खेळलाय त्याला बाकीचं सांगायची गरज नाही. ग्राफिक्सबद्दलही लिहीत नाही, मला ती आवडतात. मला लिहायचंय घोड्यांबद्दल.

पहिले दोन महिने माझं ठाम मत होतं की हॉर्समन, म्हणजे भालावाला घोडेस्वार, हे या गेममधलं सर्वांत वाईट युनिट (लढणारी सोंगटी) आहे. लॉयलिस्टांकडे (माणसांची फौज) तो २३ सोन्याला मिळतो, स्पिअरमन (पायदळातला भालेकरी) १४ ला. म्हणजे दीडपटीहून जास्त पैसे मोजून आणलेला माणूस, आणि दर डावात पहिला मरणारा तोच. मी चिडून तसं लिहायलाही घेतलं होतं.

मग एक डाव नीट बघितला. संगणकाविरुद्ध, दोन्ही बाजू लॉयलिस्ट. सकाळची टर्न (पाळी), मोकळं गवत. माझा हॉर्समन ताजा, ३८ हिटपॉइंट (म्हणजे जीव, तो संपला की युनिट मेलं). समोर त्यांचा स्पिअरमन, ३६. हॉर्समन लॉफुल आहे, दिवसा २५ टक्के जास्त मारतो, म्हणून मी खुशाल चार्ज (घोड्यावरून थेट धडक) केला. भाला ९ चा, वार दोन. चार्जने दुप्पट आणि दिवसाचा फायदा धरून २२. दोन्ही लागले तर स्पिअरमन संपला. पण चार्ज समोरच्याचाही मार दुप्पट करतो. त्याचा भाला ७ चा, तोही लॉफुल म्हणून त्यालाही दिवसाचे २५ टक्के, घोड्याला टोचणाऱ्या शस्त्राचा मार २० टक्के जास्त बसतो, आणि वर चार्जची दुप्पट. हिशेब बरोबर २१ वर येतो. त्यात स्पिअरमनला फर्स्ट स्ट्राइक, म्हणजे हल्ला मी केला तरी पहिला वार त्याचा. २१ बसले. माझा वार हुकला. पुन्हा २१. ३८ मधून ४२ गेले, आणि माझा दुसरा वार झालाच नाही.

हे सगळे आकडे हल्ल्याच्या खिडकीतच, हिशेबाच्या बटणामागे आधीपासून दिसत होते. मी ते बटण दोन महिने दाबलं नव्हतं. या गेममधली सर्वांत मोलाची सोय कोणती विचाराल तर मी हेच बटण सांगेन. चार्ज करायच्या आधी दर वेळी, न चुकता, ते उघडावं. किती टक्के मरतोय आणि किती टक्के मारतोय हे दोन्ही बाजूंचं लिहिलेलं असतं.

तिथून माझं मत हळूहळू फिरलं. चार्ज दुप्पट करतो तो उलटा मारही. पण ज्याच्याकडे उलटा मारच नाही त्याचं काय? डार्क अडेप्टकडे (मृतांच्या फौजेतला काळ्या झग्यातला जादूगार) जवळचं शस्त्रच नाही. शून्याची दुप्पट शून्य. २८ हिटपॉइंटच्या अडेप्टला आधी धनुर्धाऱ्याने जरा खाली आणायचं, २२ किंवा कमी. मग गवतावर उभ्या अडेप्टला दोनपैकी एक तरी भाला लागायची शक्यता ८४ टक्के, आणि हॉर्समनला ओरखडा नाही. हेच स्केलेटनवर करायला जाल तर फसाल. हाडांत भाला रुततच नाही. टोचणाऱ्या माराविरुद्ध त्याचा बचाव फार मोठा आहे. मृतांच्या फौजेत हॉर्समनचं सावज एकच, तो काळा झगेवाला.

दुसरी गोष्ट, हॉर्समन शेवटी पाठवायचा. आम्ही नवीन लोक उत्साहात आठ घरं धावणारं युनिट सर्वांत आधी पुढं ढकलतो. तो एकटा पोचतो, शत्रूच्या शेजारच्या घरात पाय टाकताच थबकतो, आणि पुढच्या पाळीत तिघे त्याला घेरतात. संगणक जखमी घोडा बघितला की सोडत नाही. उलट आधी पायदळाने झुंजावं आणि शेवटचा घाव हॉर्समनने घालावा. पहिल्याच वारात समोरचा पडला तर, फर्स्ट स्ट्राइकवाला सोडून, उलटा वार होतच नाही.

दुसरा घोडेस्वार, कॅव्हलरीमन, त्याच्याबद्दल थोडक्यात. चार्ज नाही, तलवार आहे, ऑर्क ग्रंटांसमोर (राक्षसी फौजेचं पायदळ) भिंतीसारखा टिकतो. नवख्याने आधी हाच घ्यावा. यात फार काही लिहिण्यासारखं नाही, भरवशाचं युनिट आहे.

जमिनीबद्दल मात्र लिहायलाच हवं. जंगलात घोड्याला एका घराला तीन चाली लागतात, उथळ पाण्यात आणि दलदलीत चार. पाण्यात त्याचा बचाव अवघा २० टक्के, म्हणजे पाचांतले चार वार लागणार. मी नदीत उभा केलेला हॉर्समन गमावला तेव्हा मला मांडवीतलं जुवे बेट आठवलं. १६८३ साली संभाजीराजे पोर्तुगीजांच्या मागे लागले असता त्यांचा घोडा भरतीच्या खाडीत पोहणीला लागला, आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, असं आपण इतिहासात वाचतो. मांडवीच्या खाड्या आणि खाजण बघत वाढलेल्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं. घोडा पाण्यात घालायचा नाही. पूल नसेल तर थांबायचं.

आणि परत फिरणं. वेस्नॉथचा दिवस सहा टर्नचा : पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्रीचे दोन प्रहर. रात्री हॉर्समनचा ९ चा भाला ७ वर येतो, आणि ऑर्क, मृत सगळे चढतात. मी तिन्हीसांजेपर्यंत लढत राहायचो. उलगडा शिगम्यात (आमच्याकडचा होळीचा सण) झाला. साखळी गावात भाच्याबरोबर घोडेमोडणीचा नाच बघत होतो. कमरेला लाकडी घोडा, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, ढोल-ताशाच्या ठेक्यावर रांग जोरात पुढं येते, तेवढ्याच जोरात मागं जाते, पुन्हा पुढं. लहानपणापासून बघतोय, पण त्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, तुमचे घोडे मागं कधी येतात?" घरी येऊन मी दुपारच्या टर्नलाच घोडे मागं वळवायला लागलो. आठ चालींत ते अंधार पडायच्या आत नकाशावरच्या गावात पोचतात, गावात टर्नला ८ हिटपॉइंट भरून येतात, पहाटे पुन्हा बाहेर. तेव्हापासून हॉर्समन मरायचे बंद नाही झाले, पण २३ सोनं वसूल करून मरतात.

तक्रार एकच उरली. ७० टक्क्यांचे वार लागोपाठ चार हुकले की फार मनस्ताप होतो, आणि आधीचा सेव्ह (जपून ठेवलेला डाव) पुन्हा उघडायचा मोह आवरत नाही. मी तो बंद केलाय. तसं खेळलं तर हॉर्समन कसा वापरायचा हे कधीच कळत नाही.

नवा लॅपटॉप घेणार होतो चवथीला. घेतला नाही. जुन्यावर सध्या एक मोहीम चालू आहे. तिच्या पहिल्या टर्नला घेतलेला हॉर्समन आता बढती मिळून नाइट (सरदार) झालाय, त्याच्या पुढची पायरी पॅलॅडिन, ती गाठायला थोडाच अनुभव कमी. काल रात्री वीज जायच्या आधी त्याला गावात आणून सेव्ह केलं. २९ हिटपॉइंट आहेत. पहाटेपर्यंत भरतील.