जुळ्यांची फीडिंग उशी थोरल्या-धाकट्याला पुरते का?

पुढे पाटासारखा सपाट भाग, मागे कमरेला टेकू, बाजूला पट्टा आणि बकल. जुळ्यांसाठी म्हणून विकली जाणारी ही रुंद फीडिंग उशी हल्ली थोरलं अजून अंगावर पितंय आणि धाकटं आलंय अशा घरांतही घेतली जाते. नागपुरात सीताबर्डी-धरमपेठेकडे बाळाच्या सामानाच्या दुकानांत विचारलं तर साधी यू-आकाराची उशी लगेच समोर येते, जुळ्यांची बहुधा मागवावी लागते. साधीपेक्षा ती बरीच महागही पडते. उशी वाईट नाही. पण तिच्यावर सारख्या वजनाची दोन बाळं झोपणार हे गृहीत धरून ती बेतलेली आहे, आणि इथे एक असतं तीन किलोचं नि दुसरं दहा-बारा किलोचं. पुढची सगळी भानगड या एका हिशोबातून निघते.

थोरल्याने एका बाजूला अंग टाकलं की उशी भाजीवाल्याच्या तागडीसारखी त्या बाजूला कलते. फोम दबतो, पट्टा सरकतो, आणि दुसऱ्या टोकाला धाकटं दीड-दोन इंच वर उचललं जातं. आता त्याचं तोंड निपलच्या समोर नसतं, वर असतं. मग ते मान खाली घालून पितं, हनुवटी छातीला टेकते, तोंड पुरतं उघडत नाही आणि पकड फक्त निपलच्या टोकावर राहते. पिताना चटक-चटक आवाज येतो, गाल आत जातात, आणि सुटल्यावर निपल नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं चपटं झालेलं दिसतं. दोन दिवसांत चिरा पडतात. दोष दोघांना पाजण्याला दिला जातो, पण इथे खोट असते उंचीची.

दुसरी गोष्ट कोणत्याही डब्यावर लिहिलेली नसते. दोन वर्षांचं पोर पाच मिनिटं पितं आणि उडी मारून पळतं. दहा किलोचं वजन एकदम उतरलं की दबलेला फोम उसळतो आणि धाकट्याच्या तोंडातून स्तन झटक्याने सुटतो. वर पट्टा मागून बांधलेला, मांडीवर तान्हं, म्हणजे आई जागच्या जागी अडकलेली. थोरलं स्वयंपाकघरात काय करतंय ते बघायला उठताही येत नाही. म्हणून बकल मागे असलेली उशी या कामाला घेऊच नका. बाजूला, एका हाताने उघडेल असं हवं.

घेतलीच असेल तर तिच्यावर फक्त धाकट्याला ठेवा. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेलं, नाक निपलसमोर. आधी बाळाला स्तनाशी आणायचं, पकड बसली की मग उशी खाली सरकवायची. उलट केलं, म्हणजे आधी उशी बांधून बाळ त्यावर ठेवलं, की आईच बाळापाशी वाकते आणि संध्याकाळपर्यंत पाठ धरते. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. गुडघे थोडे वर आले की उशी आपोआप आईकडे कलते आणि बाळ आत घरंगळतं, बाहेर नाही.

थोरल्याची जागा उशीवर नाहीच. ती जमिनीवर, दिवाणावर किंवा आईच्या बाजूला. आई भिंतीला लोड लावून खाली गादीवर बसली, धाकटं बगलेत (पाय आईच्या पाठीकडे, डोकं हातात), तर थोरलं दुसऱ्या बाजूने गुडघे टेकून पिऊ शकतं. आई दिवाणावर बसली तर ते समोर उभं राहून पितं. त्याला पकड शिकवायची गरज नसते. ते वाकून, वळून, जमेल तसं पितं, आणि आईने एक हात मोकळा ठेवायचा तो धाकट्याची मान सांभाळायला. रात्री मात्र एकावेळी एकच. कुशीवर झोपून दोघांना पाजायचं म्हणजे एकाला आईच्या अंगावरून ओणवं व्हावं लागतं, आणि डोळा लागला तर मोठ्याचं वजन लहानावर येऊ शकतं.

एकाच वेळी दोघांना घ्यावंच असंही नाही. पहिले दोन-तीन आठवडे तर नकोच. बाळंतपणानंतरचे तीन-चार दिवस चीक असतो, तो चमच्याने मोजावा इतकाच येतो. त्यावर पहिला हक्क धाकट्याचा: आधी त्याला पोटभर, मग थोरल्याला. धाकटं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी जन्मवजन भरून निघतं, तर दूध पुरतंय. घरच्या कुठल्याही अंदाजापेक्षा हे मोजमाप खरं. ते जमत नसेल तर थोरल्याच्या वेळा कमी करा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा. चीक सारक असतो, त्यामुळे त्या आठवड्यात थोरल्याला पातळ शी झाली तर घाबरायचं काम नाही.

दूध उतरल्यावर स्तन दगडासारखे दाटतात तेव्हा मात्र थोरलं कामाला येतं. मऊ होईपर्यंत त्याने दोन-चार मिनिटं प्यायलं की घट्ट स्तनावर घसरणाऱ्या धाकट्याला पकड मिळते. पण थोरलं दिवसभर ओढत राहिलं तर दूध गरजेपेक्षा जास्त बनतं, धार जोरात येते, धाकटं ठसकतं, सोडतं, रडतं. तेव्हा आईने मागे रेलून बाळाला अंगावर पालथं घेतलं की धार गुरुत्वाकर्षणाने मंदावते. यालाही उशी लागत नाही, पाठीला दोन तक्के पुरतात. डावा थोरल्याचा नि उजवा धाकट्याचा अशी वाटणी करायचीही गरज नाही. केली तर महिन्याभरात एक बाजू मोठी, एक लहान दिसू लागते. दोघांनी एकाच स्तनावर प्यायलं म्हणून साबणाने धुवायला जाऊ नका, निपल कोरडं पडून फुटतं. एकाच्या तोंडात पांढरी बुरशी आली तर आई आणि दोन्ही मुलं, तिघांचा उपचार एकदम, नाहीतर ती फिरत राहते.

काही जणी ही उशी गरोदरपणातच घेऊन ठेवतात, आत्ता थोरल्याला पाजायलाही होईल म्हणून. होत नाही. पाचव्या महिन्यानंतर पोट आणि पट्टा यांचं जमत नाही, आणि मांडीच उरत नाही तर उशी ठेवणार कुठे? तेव्हा सोपं म्हणजे डाव्या कुशीवर झोपणं: गुडघ्यांमध्ये एक साधी उशी, पोटाखाली घडी घातलेलं दुपटं, आणि थोरल्याला तिरकं झोपवायचं, डोकं छातीशी आणि पाय पोटापासून लांब. लाथ झोपेतही बसते.

त्या महिन्यांत काय होतं हे माहीत असलं तर उशीचे पैसेही वाचतात. दिवस गेल्यावर पहिल्या तिमाहीतच निपल हुळहुळी होतात. ते संप्रेरकांमुळे असतं, त्यामुळे कोणतंही मलम किंवा उशी ते पूर्ण थांबवत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध घटतं आणि चव बदलते, थोडं खारट लागतं, कारण साखर कमी आणि सोडियम जास्त होतं. पुढे त्याचा चीक होतो. बरीच मुलं इथेच आपणहून सोडतात. पंप लावून दूध वाढेल म्हणून पंप विकणारे भेटतील. वाढत नाही, कारण घट संप्रेरकांमुळे आहे, मागणी कमी पडल्यामुळे नव्हे. थोरलं वर्षाच्या आतलं असेल तर हे गंभीर घ्या. त्याला वरचं काय आणि किती लागेल हे बालरोगतज्ज्ञांकडून ठरवा, सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याच आठवड्यात.

आणि "काहून पाजते अजून? पोटातल्याचं दूध हे पिऊन टाकते" हे ऐकावं लागेलच. चीक काही आधी साठवून ठेवलेला नसतो, बाळंत होईपर्यंत तो बनतच राहतो. पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि गर्भाशय थोडं आवळतं हे खरं, पण दिवस भरत येईपर्यंत गर्भाशय त्याला फारशी दाद देत नाही. साध्या, गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात म्हणून पाजणं चालतं. रक्तस्राव, आधी अकाली प्रसूती, गर्भाशयाच्या तोंडाला घातलेला टाका, वार खाली असणं किंवा पोटात जुळी असणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. शरीरसंबंध टाळा असं सांगितलं असेल, तर पाजण्याबद्दलही त्याच वेळी विचारा. डागा, मेयो, मेडिकल ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं असोत किंवा खासगी, नाव कुठेही नोंदवलं असो, "थोरलं अजून पितं" हे कार्डावर लिहून घ्या. पाजताना कळा सुरू झाल्या आणि थांबवल्यावरही राहिल्या तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका.

आता उशीच्या पोटात काय आहे ते बघू, कारण नागपुरात निम्मा निकाल तिथेच लागतो. बाजारातल्या उशा फोमच्या किंवा पॉलिएस्टरच्या, वर मखमलीसारखं कापड. नवतप्यात, दुपारी पंचेचाळीस अंश असताना, त्यावर बाळाची एक बाजू वीस मिनिटांत ओली होते आणि मानेच्या वळीत घामोळ्या येतात. कूलरसमोर बसलं तर गारवा मिळतो, पण ओल फोममध्ये शिरते आणि पावसाळ्यात तिला कुबट वास सुटतो, कारण आतला ठोकळा धुता येत नाही आणि उन्हात ठेवून आतपर्यंत वाळतही नाही. पॉलिएस्टर फायबरची तर घेऊच नका, महिन्यात मधोमध खड्डा पडतो. पारख सोपी आहे: उशीवर पाच किलोची आट्याची थैली ठेवा. दोन बोटांपेक्षा जास्त खचली तर परत करा. खोळ सुती, पूर्ण निघणारी, चेन खालच्या बाजूला, आणि दोन खोळी. दुधाचा आणि चिकाचा डाग आधी गार पाण्यात, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

गादीवाल्याकडून भरून घेतलेली उतरती उशी या कामाला जास्त बरी, आणि विदर्भात रुईला काय तोटा! मापं अशी: लांबी वीस इंच, रुंदी चौदा, बाहेरच्या कडेला उंची सहा इंच आणि आईकडच्या कडेला चार. त्या उताराने बाळ आईकडे झुकतं. आतली कडा थोडी अर्धगोल कापायला सांगा, पोटाला बसेल इतपत. गांधीबागेच्या कापडबाजारातून गादीपाट घ्या, पातळ मांजरपाट नको, रुई बाहेर येते. रुई दीड किलोच्या आसपास लागते, पिंजून घट्ट भरलेली. गादीवाला सवयीने मऊ भरतो, त्याला डोक्याखालची नाही, पाटासारखी हवी असं बजावावं लागतं. मधे चार टाके घालून घ्या, नाहीतर रुई कोपऱ्यात पळते. सावरीचा कापूस नको, हलका असतो पण लगेच खचतो. सहा इंच हे साधारण माप आहे. बसून, खांदे सैल सोडून, मांडीपासून निपलपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून बाळाच्या अंगाच्या जाडीचे तीन इंच वजा करा. येईल ती तुमची उंची. रुई वापरात बसते, म्हणून अर्धा इंच जास्तच ठेवा. तोटा एकच, ही उशी जड असते, घेऊन फिरता येत नाही.

सिझेरियन असेल तर बाजारातल्या उशीची आतली कडा नेमकी टाक्यांवर येते. पट्टा न बांधता, उशी फक्त बाजूला ठेवून, बाळ बगलेत घ्यायचं. थोरल्याला उचलायचं नाही, त्याने स्टुलावरून स्वतः चढून बाजूला बसायचं. आईच्या पोटावर दुसरी छोटी उशी, ढाल म्हणून.

थोरलं पिताना आईच्या अंगावर शिरशिरी येणं, चीड येणं, त्याला ढकलून द्यावंसं वाटणं हेही होतं, विशेषतः गरोदरपणात. त्यावर कोणतंच सामान विकत मिळत नाही. दहा मोजेपर्यंत पी, मग पुरे, हे दोन वर्षांच्या मुलाला कळतं.

कोणतीही उशी असो, बाळ तिच्यावर झोपू द्यायचं नाही. मान पुढे दुमडून किंवा कडेत तोंड रुतून श्वास कोंडू शकतो. डोळा लागला की उचलून सपाट, कडक गादीवर उताणं. आणि उशीसोबत दुधाची बाटली किंवा पावडरीचा डबा फुकट, अशी ऑफर दुकानात दिसली तर ती कायद्यात बसत नाही. १९९२ चा शिशू दुग्धपर्याय कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डब्याचं दूध, शिशुआहार आणि बाटल्या यांची जाहिरात नि आमिषं दोन्ही बंद करतो.

पाच-सहा महिन्यांत बाळ या उशीवर मावत नाही. रुईची असेल तर टाके उसवायचे, रुई पुन्हा पिंजून घ्यायची आणि थोरल्याला बसायला छोटी गादी शिवायची. फोमची माळ्यावर जाते.