नकाराला जागा कुठे: ब्रिटन की स्वीडन?

मिडवाइफरी (बाळंतपण करवणाऱ्या नर्सचं शिक्षण) केलेली भाची ब्रिटन की स्वीडन, यात अडकलीय. तिची अट एकच: गर्भपाताच्या कामात हात घालणार नाही. म्हणून पगार, थंडी बाजूला ठेवली.

हक्क: ब्रिटनच्या 1967 च्या गर्भपात कायद्यात (उत्तर आयर्लंड वगळून) कलम 4 आहे. हरकत असेल तर नकार देता येतो. बाईचा जीव धोक्यात असेल तेव्हा नाही. स्वीडनच्या 1974 च्या कायद्यात असं कलमच नाही.

पण हा हक्क पुरतो कुठवर? ग्लासगोच्या दोन सीनियर मिडवाइफना अशा केसेसवर ड्यूट्या लावणं, देखरेख करणंही नको होतं. 2014 मध्ये ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रत्यक्ष करायचं काम नाकारा. ड्यूट्या लावणं त्यात येत नाही. स्वीडनमध्ये अशाच नकारामुळे नोकरी न मिळालेल्या दोघी मिडवाइफ युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. 2020 मध्ये अर्ज दारातूनच परत.

पेशंट: स्वीडनमध्ये 18 आठवड्यांपर्यंत तिची इच्छा पुरे, ब्रिटनमध्ये दोन डॉक्टरांच्या सह्या.

अट पक्की असेल तर ब्रिटन, तेही वॉर्डचा चार्ज न घेता. डळमळीत असेल तर स्वीडन चालेल. (तिच्या आईला विचारलं तर ती पुणेच म्हणेल.)