चेकबुक पोहोचलं, पण कुणाच्या हातात?

आईच्या खात्यातून ९७,५०० रुपये गेले तेव्हा मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वॉचमन, पोस्ट, बँक, पोलीस सगळे येणार आहेत, पण सुरुवात माझ्यापासून आहे.

डोंबिवली पूर्वेला आमची ३२ फ्लॅटची जुनी इमारत. जिन्याखाली लाकडी पत्रपेट्या. निम्म्यांची दारं लोंबकळलेली, आमच्या पेटीचं कुलूप तर बाबा असतानाच गंजून तुटलं होतं. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत स्टीलच्या नवीन पेट्यांचं कोटेशन आलं होतं. पेटीमागे १,१५० रुपये, म्हणजे सगळ्या मिळून ३६,८००. मीच म्हणाले, "हल्ली पत्रं येतात कुणाला? आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करू." कुणी हरकत घेतली नाही. विषय संपला.

खुशालीची पत्रं येत नाहीत हे खरंच आहे. पण जे काही येतं ते नेमकं जोखमीचं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. चेकबुक, डेबिट कार्ड, पॅन कार्ड, विम्याचे कागद.

जूनमध्ये आमचा मेंटेनन्सचा चेक हरवला. आमच्याकडे चेक टाकायची एक पेटी आहे, तीही जिन्याखालीच, पत्रपेट्यांना लागून. फट एवढी रुंद की लहान मुलाचा हात जाईल. खजिनदार म्हणाले, चेक आलाच नाही. मला वाटलं, यांनीच कुठल्यातरी फायलीत घातला असणार. मी दुसरा चेक लिहून दिला. पहिल्याचं पेमेंट थांबवायला बँकेत कळवलं नाही. अकाउंट पेयी, तोही सोसायटीच्या नावाचा, तो कोण वटवणार? शिवाय स्टॉप पेमेंटला बँक पैसे कापते, ते कशाला घालवा असाही विचार केला. त्या चेकवर खाते क्रमांक, बँकेचं नाव, शाखा आणि माझी ठसठशीत सही होती. खातं आईचं आणि माझं जॉइंट, फॅमिली पेन्शन त्यातच येते, व्यवहार मी बघते.

तो चेक वटला नाहीच. तो वटवायला नेलाच नव्हता, असं मला आज वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

ऑगस्टमध्ये पानं संपली म्हणून नवीन चेकबुक मागवलं. बँकेनं ते स्पीड पोस्टनं पाठवलं. स्पीड पोस्ट म्हणजे सही घेऊन हातात देणार, या भरवशावर मी निर्धास्त होते. पण मी ऑफिसला, आई दुपारी झोपलेली, तिला बेल ऐकू येत नाही. वॉचमननं सही करून पाकीट घेतलं आणि संध्याकाळी आमच्या बिनकुलपाच्या पेटीत टाकलं. यात त्याची चूक काढायची सोय मला नव्हती. 'पोस्ट व कुरिअर वॉचमनकडे द्यावे' अशी नोटीस आमच्याच बोर्डावर होती. खाली सोसायटीचा शिक्का आणि माझी सही.

'डिलिव्हर्ड' असा मेसेज आला होता, पण आईच्या साध्या फोनवर. गणपतीच्या सेलच्या मेसेजांत तो बुडाला. मी मात्र सणाचे दिवस, टपाल उशिरा येत असेल म्हणून वाट बघत बसले.

सप्टेंबरच्या शेवटी पासबुक भरून घेतलं. क्लिअरिंगच्या दोन नोंदी होत्या. ४८,५०० आणि दोन दिवसांनी ४९,०००. दोन्ही रकमा ५०,००० च्या आतल्या आहेत, इकडे लक्ष द्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ जानेवारी २०२१ पासून बँका ५०,००० आणि त्यापुढच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे देतात, म्हणजे चेक कुणाला दिला, किती रकमेचा, हे खातेदार आधी बँकेला कळवून ठेवू शकतो. चोराला ही रेषा माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

बँकेत चेकची प्रतिमा दाखवली. सही बघून क्षणभर मलाच वाटलं, आपणच तर दिला नाही ना? चेक नंबर बघितले तेव्हा लक्षात आलं की हे त्या न मिळालेल्या चेकबुकातले आहेत. उरलेली २३ पानं तिथेच उभ्या उभ्या बंद करून घेतली.

मग चेंडू फिरायला लागला. बँक म्हणाली, चेकबुक नोंदणीकृत पत्त्यावर पोहोचलंय, सही जुळतेय. पोस्टात म्हणाले, सही घेऊनच दिलंय. सिक्युरिटी एजन्सीनं करार काढून दाखवला, त्यात गेट आणि पार्किंग आहे, टपालाचा शब्द नाही. आणि आमच्या कमिटीतले एक सभासद मलाच म्हणाले, "मॅडम, प्रत्येकाची पेटी ही त्याची स्वतःची जबाबदारी. सोसायटी काय करणार?" मी खुर्चीवर नसते तर भांडले असते. सीसीटीव्ही बघायला गेलो तर कॅमेरा गेटकडे तोंड करून, आणि रेकॉर्डिंग १५ दिवसांचंच. चेकबुक जाऊन महिना उलटून गेला होता.

वॉचमन तोवर बदललेला होता आणि सगळी बिल्डिंग त्याच्यावर खापर फोडून मोकळी झाली. मी पोलिसांना त्याचं नाव संशयित म्हणून दिलं नाही. दूधवाला, पेपरवाला, डिलिव्हरीची मुलं, प्लंबर, मिनरल वॉटरवाला, आमचे स्वतःचे ३२ फ्लॅट. त्या जिन्याखालून दिवसभरात किती माणसं जातात ते मी एका रविवारी मोजायला बसले आणि साठाच्या पुढे सोडून दिलं.

पोलिसांनी तक्रार घेतली. हवालदार हसून म्हणाले, "आता ४२० राहिलं नाही मॅडम, ३१८ झालं." फसवणुकीचं कलम म्हणायचं होतं त्यांना, १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली ना. पैसे ज्या खात्यात गेले ते परराज्यातल्या कुणा मजुराच्या नावावर निघालं, रक्कम त्याच दिवशी एटीएममधून काढलेली. त्या माणसानं खातं भाड्यानं दिलं होतं म्हणे. तपास तिथेच आहे.

पैसे परत कसे मिळाले, हे मात्र नीट सांगते, कारण मी जवळजवळ सोडून दिले होते. बँकेतल्या बाईंनी तोंडी सांगितलं, "तुम्ही तीन दिवसांत कळवलं नाही, आता नियमात बसत नाही." मला ते पटलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक काका राहतात, ते उसळलेच. "तीन दिवसांचा नियम २०१७ च्या सर्क्युलरचा. तो इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना. चेकला कुठून आणला?" त्यांनीच समजावलं की खोट्या सहीचा चेक हा खातेदाराचा आदेशच नसतो, त्यामुळे तो वटवला तर तोटा बँकेचा. सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात हे सांगितलंय. तिथे कंपनीच्याच अकाउंटंटनं खोट्या सह्यांचे ४२ चेक वटवले होते, आणि कंपनीनं हिशेब वेळेवर तपासला नाही ही बँकेची सबब कोर्टानं मानली नाही.

काकांनी अर्ज लिहून दिला, पोलीस तक्रारीची प्रत जोडली, आणि बँकेकडून पोच घ्यायला लावली. पोच महत्त्वाची. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, ऑनलाइन होतं. आम्ही एकतिसाव्या दिवशी गेलो. पुढच्या सात आठवड्यांत बँकेनं दोन्ही रकमा खात्यात जमा केल्या. व्याजाचं नाव काढलं नाही, मीही ताणलं नाही. तोवर आईनं चार महिने औषधांशिवाय कशालाही पैसे काढू दिले नव्हते.

आता चेकबुक मी शाखेत जाऊन घेते. मेसेज माझ्या मोबाइलवर येतात. हरवलेला चेक कुणाच्याही नावाचा असो, त्याच दिवशी थांबवते. मेंटेनन्स ऑनलाइन भरतो, चेकची ती पेटी काढून टाकली. बोर्डावरची नोटीस मीच फाडली. वॉचमनकडे आता वही आहे, बँकेचं पाकीट असलं तर तो इंटरकॉमवर फोन करतो आणि घेणाऱ्याची सही घेतो. कोणी घरी नसेल तर घेतच नाही, पोस्टमन परत नेतात.

स्टीलच्या पेट्या या मार्चमध्ये लागल्या. भाव वाढून ४१,६०० झाले. पेट्यांचा वरचा पत्रा सपाट आहे आणि त्यावर पुन्हा ढीग साठायला लागलाय, सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या नावाचा. परवा तिथे बँकेचं एक जाड पाकीट होतं. तो मुलगा दीड वर्षापूर्वी हिंजवडीला गेला. 'येथे राहत नाहीत' असं लिहून मी ते पोस्टमनना परत दिलं. असं तिसऱ्यांदा झालं. घरमालकाला दोनदा फोन केलाय, ते म्हणतात, त्याचा नंबर शोधून देतो.