अमेरिकेतून आलेला लॉक्ड आयफोन 13: काही महिने वापरल्यानंतर

आयफोन 13 बद्दल आता नवीन काय लिहायचं? 2021 चा फोन. कॅमेरा अजूनही झकास, बॅटरी माझ्या वापराला दिवसभर पुरते, चार्जिंगला जुनीच लाइटनिंग केबल लागते. एवढं पुरे. खरं लिहायचंय ते सुरुवातीच्या घोळाबद्दल, कारण परदेशातल्या नातेवाइकांचा जुना फोन घेणाऱ्या कुणाच्याही वाट्याला तो येऊ शकतो.

फोन न्यू जर्सीतल्या भाच्याचा. नाशिकला आल्यावर जिओचं सिम घातलं तर पडद्यावर 'सिम नॉट सपोर्टेड'. एअरटेलचं घातलं, तेच. वायफायवर मात्र व्हॉट्सॲप, यूट्यूब सगळं सुरळीत. यूपीआय तेवढं चालू होईना, कारण नोंदणीसाठी बँकेला त्याच फोनमधून एसएमएस जावा लागतो. त्यामुळे पिशवीत दोन फोन, आणि भाजीवाल्यापुढे जुनाच बाहेर.

दुकानदाराने फोन हातात घेऊन दोन मिनिटांत निकाल दिला: "बोर्ड गेलाय मॅडम. नेटवर्क आयसी बदलावी लागेल, साडेचार हजार." मला ते पटेना. *#06# दाबलं की आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) व्यवस्थित येत होता. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे 'मॉडेम फर्मवेअर' नावाची ओळ असते, तिच्यापुढेही आकडा होता. नेटवर्कचा भाग खरंच मेला असेल तर बहुधा हीच ओळ रिकामी दिसते, आयएमईआय गायब होतो, किंवा फोन नुसता 'सर्चिंग' करत बसतो. माझा फोन सिम वाचून मग नाही म्हणत होता. त्याच पानावर खाली 'कॅरिअर लॉक' आहे. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असायला हवं होतं. माझ्याकडे 'सिम लॉक्ड' होतं, म्हणजे फोन एकाच मोबाइल कंपनीच्या सिमला बांधलेला. सगळा उलगडा त्या एका ओळीत.

आपल्याला हे सुचत नाही, कारण इथे बहुतेक फोन मोकळेच मिळतात. अपवाद होते: 2003 मध्ये रिलायन्सचे 501 रुपयांत हातात पडणारे सीडीएमए फोन ज्यांनी वापरलेत त्यांना आठवेल, त्यात सिमच नसायचं. कंपनी बदलायची तर फोनही बदला. जिओफोनही जिओपुरताच. अमेरिकेत मात्र कंपन्या हप्त्यांवर फोन देतात आणि पैसे फिटेपर्यंत तो स्वतःच्या नेटवर्कला बांधून ठेवतात. कॅनडाने हा प्रकार 2017 च्या डिसेंबरपासून बंद केला, ब्रिटनने 2021 च्या डिसेंबरपासून. अमेरिकेत 2014 चा कायदा आहे, पण तो ग्राहकाला लॉक काढून घेण्याची मुभा देतो. लॉक लावायला बंदी नाही.

भाच्याला फोन केला. "मावशी, दोन हप्ते राहिलेत, त्याचं काय एवढं?" त्याचंच तर सगळं होतं! मी नियम वाचले तेव्हा हप्त्यांचे पूर्ण पैसे भरलेले हवेत, शिवाय तिथल्या मोबाइल कंपन्यांपैकी पोस्टपेडला टी-मोबाइलकडे फोन 40 दिवस आणि एटी अँड टीकडे 60 दिवस वापरात हवा, अशा अटी होत्या. अर्ज मूळ ग्राहकाच्या कंपनीकडेच करायचा. भाच्याच्या कंपनीने पैसे भरल्यावरही त्याला बराच काळ टोलवलं, त्याचा राग अजून आहे.

मधल्या काळात दुसऱ्या एका दुकानात 'चिप' दाखवली. नखाच्या पापुद्र्याएवढी पातळ, सिमला खालून चिकटवायची. सिम अमेरिकेतल्या कंपनीचंच आहे असं ती फोनला भासवते. लॉक जागेवरच राहतं आणि एखाद्या अपडेटनंतर फोन परत मुका होऊ शकतो. घेतली नाही. आयफोनचा 'अनलॉक कोड' विकणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका. आयफोनला कोड लागतच नाही: मोबाइल कंपनी ॲपलला कळवते, ॲपलच्या सर्व्हरवरची नोंद बदलते आणि इंटरनेटला जोडलेला फोन ती उचलतो. कोड टाकायचा प्रकार काही अँड्रॉइड फोनमध्ये असतो, आणि तिथे चुकीचे कोड किती वेळा टाकता येतात यालाही मर्यादा असते.

एका सकाळी वायफायवर असतानाच 'कॅरिअर लॉक'ची ओळ बदललेली दिसली. सिम घातलं, जिओ आलं. हॉटस्पॉटचा पर्याय तेवढा दिसेना. नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्यावर तोही आला (वायफायचे पासवर्ड पुसले जातात, आधी लिहून ठेवा). तेव्हापासून कॉल, फाइव्ह-जी, यूपीआय, कशाचीच तक्रार नाही. उजव्या कडेला बटणाखाली एक लांबट खिडकी आहे, अमेरिकी मॉडेलची खूण. मिलिमीटर लहरींच्या (फाइव्ह-जीचा एक अतिवेगवान प्रकार) अँटेनाची आहे ती. माझ्या कामाची नाही, पण घरी येणारा प्रत्येक जण एकदा दाबून बघतो.

असा फोन घेणार असाल तर विमानात बसण्याआधी त्या 'कॅरिअर लॉक'च्या ओळीचा स्क्रीनशॉट मागवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय तपासता येतो, 14422 वर एसएमएस करूनही. पण तिथे फोनच्या लॉकबद्दल काही कळत नाही. आयक्लाउडचं लॉक आणखी वेगळं, ते जुन्या मालकाने स्वतःच्या खात्यातून फोन काढला तरच सुटतं. आणि अमेरिकेतल्या आयफोन 14 ला सिमचा ट्रेच नाही. तो घ्यायचा तर आधी आपला नंबर ई-सिमवर (कार्डाशिवाय फोनमध्येच असणारं सिम) न्यावा लागेल, हे घरातल्या ज्येष्ठांना देण्यापूर्वी लक्षात घ्या.