पुन्हा पाहायला कोणता सामना? १९९२ की २०१६?

भाच्याने विचारलं, "मामा, एकच रात्र मोकळी आहे. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधलं काय पाहू?"

शेवट दोन्हींचे श्वास रोखणारे. २०१६च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या पेजने ४.७ सेकंद उरताना बरोबरी साधली. व्हिलानोव्हाच्या जेन्किन्सने अखेरच्या क्षणी तीन गुण मिळवले, ७७-७४.

पण अख्खा सामना म्हणून ड्यूक-केंटकी, १९९२. जादा वेळेत ड्यूक जिंकला, १०४-१०३. उरले २.१ सेकंद, ड्यूकच्या ग्रँट हिलचा लांबलचक पास, त्याच्याच संघातल्या लेटनरने झेलला, वळला, टाकला! त्या रात्री त्याचा एकही नेम चुकला नाही. फील्ड गोल (चालू खेळातले नेम) १०पैकी १०, फ्री थ्रोही (फाउलनंतर मिळणारे मोकळे नेम) १०पैकी १०. माहीत असूनही दरवेळी माझे तळहात घामेजतात. चित्र मात्र जुनं.

खेळ नवा असेल, वेळ कमी असेल तर २०१६. शेवटची पाच मिनिटंही पुरतात. निवांत बसणार असशील, तर १९९२.